माफीचं कडवं

परवा पनवेलला एका लग्नाच्या हॉलमध्ये एक बाई हसत हसत माझ्याकडे आल्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या? नवरा-बायकोच्या भांडणाच्या गाण्यातल्या? अहो, ते शेवटचं माफीचं कडवं काय गोड म्हटलंयत हो! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं."

मी म्हटलं, "ते कडवं मी म्हटलेलं नाही."

त्या आणखीनच हसल्या. त्यांना वाटलं, मी विनय करतेय. विनय! माझ्या सात पिढ्यांत कोणी विनय केला नाही, मी कशाला करू? पण त्या गेल्यासुद्धा, आईस्क्रीमच्या रांगेत. मी तिथे हातात रिकामी डिश घेऊन उभी, आणि अंगाची लाही लाही.

इतकी वर्षं झाली, हेच चाललंय. हळदीत सांगितलं, भाजीबाजारात सांगितलं, दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगितलं. तो आवाज माझा नाही. ते शब्द माझे नाहीत. कोणी ऐकत नाही, कारण मी सांगून उपयोगाचं नाही. ज्याने सांगायचं होतं त्याच्या हातात माईक होता, बाजूला मांडवभर माणसं होती, आणि सांगायचं होतं फक्त एक वाक्य. त्याने ते सांगितलं नाही. तो माझा नवरा.

आता मुळापासून सांगते, म्हणजे माझा राग उगाचचा नाही हे तुम्हाला कळेल.

माझं माहेर उरणच्या बाजूला. माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात बाकी कोणी आलं नाही तरी चालेल, धवलारीण लागतेच. हळद लावण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, आणि तिने गाणं उचलल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. आईच्या आवाजात गोडवा वगैरे काही नव्हता. पण तिने तोंड उघडलं की मांडवाच्या टोकाला पत्ते खेळत बसलेले पुरुषसुद्धा पत्ते खाली ठेवायचे.

विधीची गाणी झाली की मधल्या वेळात बायका चिडवायची गाणी म्हणायच्या. नवरीकडच्या नवऱ्याकडच्यांना, नवऱ्याकडच्या नवरीकडच्यांना. विहिणीचं नाक, विहिणीची चाल, विहिणीने आणलेलं लुगडं, सगळ्याचा उद्धार व्हायचा. आणि त्याला एक नियम होता. माफी मागायची नाही. समोरचीने काढलेला चिमटा गाण्यातच फेडायचा, नाही जमलं तर गप बसून हसायचं आणि पुढच्या लग्नाची वाट बघायची. एकदा लहानपणी मी एका म्हातारीला गाण्यातून फारच लागट बोलले आणि घाबरून "चुकले गो आजी" म्हटलं. आईने तिथल्या तिथे माझ्या पाठीत धपाटा घातला. "मांडवान माफी मागायची नाय," ती म्हणाली. "मागली का भांडन खरं झालं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

माझा नवरा पनवेलजवळच्या गावचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला होता. दिवसभर ट्रक काट्यावर चढायचे नि उतरायचे, आणि हा संध्याकाळी घरी येऊन बेंजो काढून बसायचा. बेंजो म्हणजे ते तारांचं वाद्य, एका हाताने बटणं दाबायची आणि दुसऱ्याने तारा छेडायच्या. त्याचा हात असा काही चालायचा की मी लग्नाला हो म्हटलं ते त्या हाताकडे बघून. तोंडाकडे नीट बघायला हवं होतं. चांगलं तोंड आहे, पण वेळेला उघडत नाही.

पनवेलच्या जुन्या वस्तीत आमची भाड्याची खोली होती. एका संध्याकाळी भाकरीत मीठ घालायचं राहिलं. तो बेंजोवर बोटं फिरवता फिरवता चालीत म्हणाला,

"सांजचे भाकरीला मीठ नाय गो, तुजे आयशीनं शिकवलं काय गो?"

आईवर गेला म्हटल्यावर मी कशाला ऐकते! परातीवर थाप मारून मीही चालीत टाकलं,

"मीठ हाय रं माजे जिभेवर, भाकर खा नायतर झोप वट्यावर!"

तो हसून हसून भिंतीला टेकला. मग रोजच सुरू झालं. तो एक टोमणा चालीत मारायचा, मी दुसरा. शेजारच्या खोलीतल्या बायका दाराशी येऊन बसायला लागल्या. असं करत करत त्याचं गाणं झालं. शेवटचं कडवं माझं होतं, आणि ते मला स्टोव्हला पंप मारता मारता सुचलं:

"बेंजो वाजवतंस दिवसभरी, चूल पेटव रं एकदा तरी, तुजे हातची भाकर खाईन, मंग मी तुला धनी म्हनीन."

एका नातेवाईकाच्या हळदीत आम्ही ते म्हटलं आणि मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. विशेषतः बायकांनी. शेवटच्या कडव्याला तर त्या उठून उभ्याच राहायच्या. "मंग मी तुला" इथे मी थांबायची, हात कमरेवर ठेवून नवऱ्याकडे बघायची, आणि सगळ्या बायका एका आवाजात "धनी म्हनीन" म्हणायच्या. त्यांचे नवरे त्यांच्याकडे बघून हसायचे. कोणाला राग आला नाही. खेळ होता तो, आणि खेळ कसा खेळायचा हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग आमंत्रणं यायला लागली. नवरा-बायकोची जोडी म्हणून. तेव्हा तसं नवीनच होतं ते. बायको मागे उभी राहून कोरसमध्ये आ-ऊ करायची, एवढंच लोकांनी पाहिलेलं. आम्ही दोघं समोरासमोर, दोन माईक. पनवेलच्या आजूबाजूच्या गावांत हळद ठरली की आधी मांडववाला नि मग आम्ही, असं व्हायला लागलं.

त्या काळी कॅसेटचं पेव फुटलं होतं. ज्याच्या गळ्याला दोन सूर त्याची कॅसेट. आम्हालाही मुंबईहून बोलावणं आलं. कॅसेट काढणारे गृहस्थ फार मऊ बोलायचे. मला वहिनी म्हणायचे, आल्याआल्या सरबत द्यायचे. भिंतींना गालिचे ठोकलेल्या त्या खोलीत पंखा बंद करून आम्ही गायलो. घामाने साडी अंगाला चिकटली, पण गाणं असं झालं की काचेपलीकडचा माणूससुद्धा मान डोलवत होता.

झाल्यावर ते गृहस्थ आले. "वहिनी, सुंदर! फक्त शेवट गोड करू या का? ही कॅसेट घराघरात जाणार. घरातल्या मोठ्या माणसांना बरं वाटेल असा शेवट हवा. बायको म्हणते, चुकले मी. दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

त्यांनी ओळी लिहूनच आणल्या होत्या. "चुकले मी धनी, पाया पडते, तुमचे चरणी जन्म काढते."

मी म्हटलं, "दादा, आमच्याकडे आई-बापाला तू म्हणतात नि नवऱ्यालाही तू. चरण वगैरे आमच्या घरात नसतात, पाय असतात, आणि ते धुवून आत यावं लागतं. आणि ह्या गाण्यात माफी बसत नाही. चिडवायच्या गाण्यात माफी मागत नाहीत."

त्यांनी वाद घातला नाही. "बरं वहिनी, तुमचं तसंच ठेवू," म्हणाले. मी बापडी खूश. वाटलं, भला माणूस आहे, समजून घेतलं. गोड बोलणाऱ्याच्या हातात सुरी असते हे आई सांगायची, पण ऐकतंय कोण.

काही दिवसांनी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवर निरोप आला, बेंजोचा थोडा भाग पुन्हा वाजवायचाय, एकट्यालाच बोलावलंय. नवरा काट्यावरून सुटी घेऊन गेला. संध्याकाळी पेढे घेऊन आला. मी विचारलं, "कसले रे?" म्हणाला, "काम झालं त्याचे." मी ते पेढे खाल्ले हो! शेजारी वाटले सुद्धा! आजही पेढा समोर आला की मी डबा पुढे सरकवते.

कॅसेट बाजारात आली त्या दिवशी आम्ही दोघं पनवेलच्या बाजारात गेलो. दुकानदाराने बाहेर स्पीकर लावला होता. सात-आठ माणसं थांबून ऐकत होती. माझा आवाज रस्त्यावर वाजताना ऐकून मला रडू येईल की काय असं झालं. मीठ झालं, वटा झाला, चूल पेटव झालं, बायका जिथे ओरडायच्या ते धनी म्हनीन झालं. मी नवऱ्याचा दंड धरला. आणि मग बेंजो हळू झाला, आणि एक बाई गायला लागली. माझ्यासारखा आवाज काढून. नाकात, लाडे लाडे, मुसमुसत. "चुकले मी धनी..."

दोन वेळा म्हटलं तिने ते. नंतर एका पुरुषाचा खाकरून हसण्याचा आवाज. तो माझ्या नवऱ्याचाच होता, आणि तो मी ओळखते.

ऐकणाऱ्यांतला एक जण म्हणाला, "वा, शेवटी आली ताळ्यावर!" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या चपलेचा अंगठा बघत होता.

घरी आल्यावर काय झालं ते सांगत बसत नाही. खोलीची कौलं तेवढी जागेवर राहिली. त्याचं एकच पालुपद: "अगं, ते म्हणाले नायतर कॅसेटच निघणार नाय. गाणं राहिलं ना आपलं? एक कडवं तर वाढलं."

"एक कडवं!" मी म्हटलं. "माशी पडली तरी अख्ख्या ताटात एकच पडते!"

खूप वेळाने मी शांत झाले. म्हटलं, झालं ते झालं, कॅसेट काही दुकानांतून गोळा करता येत नाही. "पण एक कर. पुढच्या हळदीत माईकवर सांग. शेवटचं कडवं माझ्या बायकोने म्हटलेलं नाय, तो आवाज तिचा नाय. बस. एवढं एक वाक्य."

तो म्हणाला, "सांगन."

बायांनो, "सांगन" ह्या शब्दावर मी किती हळदी काढल्या! आज पाव्हणे मोठे आहेत, आज नको. आज कॅसेटवाल्यांचा माणूस आलाय, आज नको. आज लोकांचा मूड चांगलाय, कशाला बिघडवा. आणि कॅसेट तर अशी खपत होती की बोलायला नको. रिक्षात, सलूनमध्ये, लोखंड बाजारातल्या ट्रकांत. आम्ही खांदा कॉलनीत घर घेतलं. तिथल्या शेजारणी नोकरदार घरांतल्या, पुण्या-मुंबईहून आलेल्या. एक जण वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या गाण्यात आधी केवढी भांडता, पण शेवटी संस्कार दिसतात हं!" मी तिला साखर दिली आणि दार लावून घेतलं. आणखी काय करणार होते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ह्या सगळ्यात एकच माणूस होतं ज्याला सांगावं लागलं नाही. माहेरी गेले तेव्हा आईने भावाच्या टेपवर कॅसेट लावली. कान टेपला लावून ऐकलं. माफीचं कडवं सुरू झालं तशी तिने मान वर केली. "ही कोन आली शेवटाला?"

मी नुसती रडले. तिने विचारलं, "जावयाला म्हायत हाय?"

"तो तिथंच होता," मी म्हटलं.

तिने टेप बंद केला. त्यानंतर जावई आला की ती चहा द्यायची, पण साखर घालायची नाही. तोही मुकाट प्यायचा.

माझ्या रागाला तरी मी आवर घातला असता. पण एके दुपारी वीटभट्टीवर काम करणारी एक बाई आमच्या दाराशी सरपणाची मोळी घेऊन आली. मला बघून तिने मोळी खाली टाकली. "तू गानेवाली कं?" मी हो म्हटलं. तिच्या गालावर वळ होता, ताजा. म्हणाली, "बाय, तू क्याला माफी मागली? आदी तू चांगली बोलत होतीस. आमी भट्टीवर सगळ्या जनी म्हनायचो. आता माजा दादला ते लावतो नि मना बोलतो, बघ, ती येवडी तोंडाची फाटकी, ती पन पायावर आली, तू कोन?"

मी तिला सांगितलं, ते मी म्हटलं नाही. तिने ऐकून घेतलं, पण विश्वास बसला नाही तिचा. माझं नाव कॅसेटवर, माझा फोटो कॅसेटवर, नथ घालून मान खाली घातलेला. तिने का विश्वास ठेवावा? मोळी उचलून ती जिना उतरून गेली. त्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं, त्या वळासकट. त्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही हो, हाच तर माझा संताप आहे. वाईट असता तर सोडून दिला असता. म्हणाला, "आता नक्की सांगन. तुज्या आईशीच्या मांडवात सांगन. रविवारी."

रविवारी उरण रस्त्यावरच्या एका गावात हळद होती. नवरीचं घर. धवलारीण म्हणून माझ्या आईला बोलावलं होतं आणि गाण्याला आम्हाला. दिवेलागणीची वेळ. नवरी पाटावर बसली होती, हळदीने अंग पिवळं, बायका भोवती. आईचे विधी झाले नि ती बायकांत जाऊन बसली. आम्ही स्टेजवर गेलो. स्टेज कसलं, चार बाकडी नि त्यावर सतरंजी.

गाणं रंगलं. मी माझं शेवटचं कडवं घेतलं, बायकांनी "धनी म्हनीन" म्हणून मांडव दणाणून सोडला. मी नवऱ्याकडे पाहिलं. आता. त्याने माईक जवळ ओढला. खाकरला.

तेवढ्यात मागून पोरं ओरडली, "माफी! माफीचं घ्या!" मग पुरुषही ओरडले. "वयनी, माफी! पाया पडून दाखवा!" शिट्ट्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि माईकमध्ये म्हणाला, "जरा शांत राहा मंडळी." बस. एवढंच! इतक्या महिन्यांचं सांगन-सांगन, आणि त्यातून निघालं काय, तर शांत राहा मंडळी!

मी मान हलवून नाही म्हटलं. मी गाणार नव्हते. तशी कोणीतरी मंडपवाल्याला ओरडून सांगितलं, "बाई गात नाय तर कॅसेट लाव!" त्याने लावली. नेमकं तिथूनच, एवढी त्या जागेची सवय लागली होती लोकांना. माझ्या डोक्यावरच्या स्पीकरातून ती बया रडायला लागली. चुकले मी धनी.

मी काय केलं असेल? माझ्या पायाशी पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला आणि माईकसमोर उभी राहून पाणी प्यायले. गटागटा नाही, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. स्पीकरातून पाया पडणं चाललंय आणि मी पाणी पितेय. पुढे बसलेली एक मुलगी आधी ओरडली, "अगो बाय, ही तं पानी पिते!" मग बायकांत कुजबुज, मग हसू. बायकांना कळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मांडवभर बायकांना कळलं, की हा आवाज हिचा नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरत होता.

आणि मग मला बेंजो ऐकू आला.

कॅसेटमधला नाही. माझ्या बाजूचा. माझा नवरा, डोळे मिटून, त्या बाईच्या गाण्याला साथ करत होता. सूर न सूर बरोबर. कुठे चुकू नये म्हणून मान लववून.

आई उठली. तशी ठेंगणी बाई, पण उठली की उंच वाटायची. ती मंडपवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "बंद कर ते. पोर उद्या सासरला चाललीय. माज्या मांडवान कोनी माफी मागनार नाय." त्याने घाबरून बटण दाबलं. टेप थांबला. पण बेंजो नाही थांबला, तो एकटाच आणखी अर्धी ओळ पुढे गेला, माफीचीच, आणि मग त्याचं त्यालाच कळून बंद झाला. आईने जावयाकडे पाहिलंही नाही. तिने माझं कडवं उचललं, तिच्या त्या खरबरीत आवाजात, आणि बायका उभ्या राहिल्या. नवरीसुद्धा, हळदीच्या अंगाने. चूल पेटव रं एकदा तरी. ते त्यांनी बेंजोशिवाय म्हटलं, टाळ्यांवर. मीही म्हटलं, खाली उतरून, त्यांच्यात जाऊन.

परत येताना टेम्पोत मी त्याला विचारलं, "वाजवलंस कशाला?"

"हात चालू होता," तो म्हणाला. "सूर आला का हात थांबत नाय." मग अगदी हळू, "चुकलो गो. माफ कर."

मला हसू आलं, असलं हसू की बाजूचा ढोलकीवाला दचकला. मी म्हटलं, "माफी कोनी मागितली तुज्याकडं? मला वाक्य पायजे होतं. एक वाक्य."

आई म्हणाली होती तेच झालं. मांडवात माफी आली आणि भांडण खरं झालं. पण मागितली मी नव्हती, हे लिहून ठेवते.

त्यानंतर मी त्याच्याबरोबर गायले नाही. कॅसेटवाल्यांनी चार शब्द गोड बोलून पाहिलं, गावांनी निरोप धाडले. मी जे गायले ते आईमागून, हळदींत, बिनमाईकचं. जोडीचं नाव मात्र चालूच राहिलं. माझ्यासारखी साडी नेसवून, माझ्यासारखी नथ घालून एक मुलगी उभी केली, आणि ती रोज हळदीला माझ्या नवऱ्याच्या पाया पडायची. लोक तिलाच मी समजायचे. तिचा दोष नाही, पोटासाठी आलेली पोर. पण ज्या जोडीतली बायको घरी बसलीय, तिला नवरा-बायकोची जोडी म्हणताना एकाची जीभ अडखळली नाही, ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मग कीबोर्ड आले, डीजे आले, बेंजो कोणी विचारेना. जोडी संपली ती अशी, कोणाच्या ध्यानात न येता.

संसार संपला नाही. का नाही, असं माझ्या भाचीने मला विचारलं होतं. मी म्हटलं, गाणं मोडलं म्हणून भांडी वाटून घ्यायची का? मुलांचं शिक्षण, सासूचं आजारपण, सगळं त्याच्याच साथीने झालं. साथ उत्तम करतो तो, कोणालाही.

हॉलमधून परवा मी घरी आले ती फणफणत. पर्स कोचावर फेकली. तो स्वयंपाकघरात होता. हल्ली संध्याकाळचं तोच करतो, माझे गुडघे धरल्यापासून. मी म्हटलं, "आज पुन्हा एक भेटली, माफीवाली." त्याने तव्यावरची भाकरी उलटली. जाड करतो, कडा जळतात, पण मीठ बरोबर असतं.

"त्या हॉलमध्ये माईक होता," मी म्हटलं. "तू आला असतास तर सांगता आलं असतं."

"पुढच्या खेपेला येन," तो म्हणाला. "सांगन."

त्याने ताट माझ्यापुढे ठेवलं. भूक लागली होती, मी जेवले. त्याच्या हातची भाकरी मी आता रोज खाते. धनी अजून म्हटलेलं नाही.